दाराबाहेरचा सूर

लग्न होऊन केशवापूरला आल्यापासून रेश्मा आपलं प्लायवुडचं छोटं युकुलेले, गिटारसारखं चार तारांचं वाद्य, खोलीचं दार लावून अगदी हलक्या हातानं वाजवायची. एके दिवशी सासरे दारात उभे राहिले. "ते वाजवतेस ते जरा दे बघू," म्हणाले आणि वाद्य घेऊन गोकुळ रोडवरच्या आपल्या फर्निचरच्या कारखान्यात निघून गेले. रेश्माला वाटलं, आवाजाचा त्रास होत असणार! तिनं ते परत मागितलंही नाही.

महिन्याभरानं त्यांनी तिच्यापुढे दोन वाद्यं ठेवली. एक तिचं, नमुन्यासाठी नेलेलं. दुसरं त्याहून मोठं, टेनर आकाराचं युकुलेले, फणसाच्या सलग लाकडाचं. पुढची फळी त्यांनी स्वतः तासून तासून पातळ केली होती. रेश्मानं भीतभीत तार छेडली. भरदार, गोड सूर उठला आणि कितीतरी वेळ रेंगाळत राहिला.

"अप्पा, हे कशाला केलंत?"

अप्पा ओशाळून हसले. "तुझ्या त्या प्लायवुडचा आवाज बाहेर येईना की गं! तुझी सासू आणि मी रोज संध्याकाळी दाराला कान लावून उभे असायचो. आता खुर्चीत बसून ऐकू दे."