मंठाळचा तांबडा बैल

छोट्या गुरूनं बैल मुठीत असा घट्ट धरला होता, की सोडवायचा तर पोराची बोटं एकेक उलगडावी लागली असती. चारचौघांत चैत्राला ते करता येत नव्हतं.

अंगणवाडीच्या ओट्यावर बंडेप्पा मांडी घालून बसला होता. पुढ्यात गोणपाट, त्यावर लाकडी बैल, वीतभरसुद्धा नसतील, लाखेच्या रंगानं चमकणारे. गावागणिक रंग वेगळा. मुडबीला पिवळा, मादन हिप्परग्याला निळा, इथं मंठाळला तांबडा. आपल्याकडं सगळे रंग असावेत म्हणून पोरं आत्तापासूनच मामा-मावशीच्या गावांची नावं घेत होती.

"कलबुर्गीचे एक शेठ आलते," बंडेप्पा सांगत होता. "सगळे रंग द्या, मागाल ती किंमत देतो म्हणले. म्हणलं, शेठजी, ह्ये विकायचे न्हाईत. आमच्या वस्तीतल्या माणसांनी वाटायला केलेत. घरात ठेवा. कुणी इचारलं तर सांगा, कुष्ठरोगातून बरं झालेल्या हातानं केलाय. त्येवढंच आमचं काम."

"अण्णा, मला एकच पुरे," अंगणवाडीची लिंगम्मा म्हणाली. "एक घरी आहेच. जोडी होईल."

बायका खो-खो हसल्या. चैत्रा हसली नाही. ती बंडेप्पाच्या उजव्या हाताकडं बघत होती. दोन बोटं आत वळलेली. त्याच बोटांनी त्यानं बैल गुरूच्या मुठीत दिला होता.

हा रोग शिवल्यानं होत नाही, हे तिला ठाऊक होतं. कॉलेजात शिकली होती, पेपरात लिहिलंही होतं. पण तो पेपर लिहिला तेव्हा तिला गुरू नव्हता.

"शिवल्यानं होत न्हाई, अक्का," तिच्या मनातलं ऐकल्यासारखं बंडेप्पा म्हणाला. "औषध न घेतलेल्या माणसासंगं वर्षानुवर्षं एका घरात ऱ्हायल्यावर होतंय. लेकरांना जास्त धोका. गोळ्या फुकट मिळत्यात, माणूस पार बरं होतंय. फकस्त येळेवर कळाय पायजे. चट्टा उठतोय, बधिर होतंय..."

गुरूनं बैलाचं शिंग तोंडात घातलं.

चैत्रानं झडप घालून पोराला कडेवर घेतलं. डावा हात लगेच अवघडला, तसं तिनं त्याला दुसऱ्या कडेला घेतलं. पदर खांद्यावरून घसरला. बंडेप्पा बोलायचा थांबला. तो तिच्या उघड्या खांद्याकडं बघत राहिला.

"अक्का, घर कुठलं तुमचं?"

"कामून?"

"सहज."

"आम्ही इथले न्हाई."

"अगं, खोटं कामून बोलायलीस?" लिंगम्मा मागून ओरडली. "देवळामागचं घर, अण्णा. मल्लम्माची सून हाय ती!"

चैत्रा निघाली. कोपऱ्यावर तिनं मागं वळून पाहिलं. बंडेप्पा घाईघाईनं गोणपाट गुंडाळत होता. पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा पाहिलं, तो रस्त्याला लागला होता. तिनं पाय उचलले. तोही भरभर चालायला लागला. एकदा कशासाठी तरी खाली वाकला आणि पुन्हा तिच्या मागं. काय पाहिजे होतं त्याला? एवढ्या बायका-पोरांत तिचंच घर त्यानं का विचारावं?

फाटक लावून तिनं कडी घातली. अंगणातल्या चुलीपुढं सासूबाई, मल्लम्मा, भाकऱ्या थापत बसल्या होत्या. चैत्रानं गुरूचे हात साबणानं धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. बैल ह्या मुठीतून त्या मुठीत फिरत राहिला.

"पोराची कातडी काढतीस का काय!" मल्लम्मा म्हणाल्या. "आन् तुझी एक चप्पल कुठाय?"

चैत्रानं खाली पाहिलं. एक पाय उघडाच होता.

"घाईत निसटली असंल."

फाटक वाजलं.

"अक्का." बंडेप्पाचा आवाज. फाटकावरून त्याचं डोकं दिसत होतं आणि वर धरलेली चप्पल. "ही ऱ्हायली. पायातून गेलेली कळली न्हाई का तुमाला?"

"ठेवा तिथंच. जावा तुम्ही."

"जातो. जरा हिकडं येता? एक बोलायचं व्हतं. सगळ्यांम्होरं न्हाई, तुमाला एकटीलाच."

लेकराला तरी शिवू देणार नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. तिनं गुरूची बोटं उलगडली, बैल हिसकावला आणि चुलीत फेकला.

गुरूनं टाहो फोडला. मल्लम्मांचा हात पिठातच थांबला.

"काय टाकलीस त्ये? अगं, नंदी हाय त्यो, बसवण्णा जाळायलीस? सोमवारचं? काढ! भाईर काढ आधी!"

पोरगं रडत चुलीकडंच धावलं. चैत्रानं उजव्या हातानं त्याला मागं लोटलं आणि डावा हात जाळात घातला. बैल इंगळांत खाली रुतला होता. तिनं चाचपडून तो शोधला, मुठीत धरून बाहेर काढला आणि दगडावर ठेवला. शेपटी जळाली होती, तांबडी लाख वितळून तिच्या तळहाताला चिकटली होती.

"घे. हाय तुझा बैल. गार होऊ दे, मग घे. रडू नको."

गुरू रडायचा थांबला. रोजच्यासारखा तिच्या गळ्यात पडला आणि गाल तिच्या गालाला लावून हुंदके देत राहिला. मल्लम्मा मात्र तोंडाला हात लावून बघत होत्या. फाटकापलीकडं बंडेप्पानं डोळे मिटून घेतले होते.

करपल्याचा वास अंगणभर पसरला. भाकरी लागली असेल म्हणून चैत्रानं चुलीकडं पाहिलं. तव्यावर भाकरी नव्हती. वास तिच्या तळहाताचा येत होता, आणि तळहात दुखत नव्हता.