फळीपलीकडची पेन्सिल

बुसानच्या विद्यापीठातल्या त्या अंधाऱ्या खोलीतून काचेपलीकडची मुलं दिसत. मुलांना मात्र काचेत आपलंच तोंड दिसे. आई बाहेर गेल्यावर मूल दाराकडे वळलं, की दानबीनं कागदावर एक रेघ मारायची. शेजारी बसून मिओकताईनंही मारायची. एकमेकींचं बघून लिहू नये म्हणून मध्ये उंच फळी. दोघींच्या रेघा जुळल्या नाहीत, तर दानबीचा प्रबंध बाद. आणि मिओकताईचा तर तिच्यावर जुनाच दात.

आज मूल रडून रडून चटईवर केव्हाच झोपलं होतं. तरी फळीपलीकडे पेन्सिल चालूच.

दानबीनं मान खाजवली. लगेच पलीकडे पेन्सिल वाजली, खर्र.

"ताई, झोपलेल्या पोराच्या कसल्या रेघा मारताय?" ती फणकारली. "माझं वाटोळं करायचंय ना? सरळ सांगा की!"

पलीकडून फक्त पुन्हा खर्र.

तेवढ्यात काचेपलीकडच्या उजेडात दार उघडून मिओक आत आली. आरशात बघत तिनं केस सारखे केले. स्पीकरमधून तिचा दबका आवाज आला, "काय गं दानबी, आज मी तिकडे फिरकलेच नाही. एकटीच्या रेघा कोण मानणार आता?"

दानबीनं आपली पेन्सिल हळूच खाली ठेवली.

खर्र.

तिनं श्वास रोखून धरला. फळीपलीकडे कुणीतरी सावकाश नवं पान उलटलं.