हुंगलेलं फूल

मधमाश्या नाहीशा होऊन अकरा वर्षं झाली, तरी देवराईतल्या आंब्यांवर आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, गुलाबी तुरे दरवर्षी अधिकच दाट लोंबत होते.

“हुंगू नको गो, हुंगलेला फूल देवीक चलणा नाय,” द्वारकाबाईंनी परडी घेऊन निघालेल्या सुनेला बजावलं आणि त्या दुसऱ्या झाडाकडे वळल्या.

प्रमिलाने तुऱ्याला हात लावला मात्र, आणि गेल्या वर्षी वारलेल्या नवऱ्याच्या सदऱ्याचा वास आला, घामाचा नि खोबरेलाचा. तिने फुलांत तोंड खुपसलं. वास विरला तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्याला परागाचे दोन पिवळे गोळे चिकटले होते.

ती ओशाळून वळली. समोर सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्याही नाकावर तसेच गोळे होते.

“आता फुडल्या झाडाकडे जा,” त्या हळूच म्हणाल्या. “थंय तो परत भेटतलो.”