साडेचारचा थांबा

“आणि हे किती वाजता बघावं?” मारिसोलनं वहीवर पेन टेकवत विचारलं.

“उद्या सकाळी आठच्या आत,” लॉरेटा म्हणाली. “नंतर भंगारवाला येतोय.”

मारिसोल गावच्या वाचनालयात कामाला होती. वाळवंटातल्या कलाकृती पाहुण्यांना एका दिवसात बघता याव्यात म्हणून ती नकाशा करत होती. बाटल्यांचं झाड सकाळी, कारण तेव्हा काच पेटते. चित्रांचं कोठार दुपारी, कारण तिथं कूलर आहे. चारनंतरची ओळ अजून कोरी होती.

लॉरेटाच्या अंगणात तिच्या नवऱ्यानं, ऑर्विलनं, उभं केलेलं धूड होतं. जुन्या पलंगाचा सांगाडा, वर गाड्यांची बॉनेटं, वॉशिंग मशीनची दारं, खाली चाकं. ऑर्विल फेब्रुवारीत गेला. त्याआधी अकरा वर्षं तो दर महिन्याला ते धूड थोडं थोडं सरकवायचा. कशाला, असं विचारलं की म्हणायचा, “कला आहे. तुला नाही कळायची.”

“खरंच नाही कळत,” लॉरेटा म्हणाली. “मी शाळेची बस चालवणारी बाई. कला म्हणजे तू सीटच्या मागं च्युइंगमची करायचीस, तेवढीच पाहिलेली.”

“अजून लक्षात आहे तुमच्या?”

“खरवडलं कोणी होतं ते?”

ती नुकतीच बस लावून आली होती. दाराशी तिची लोखंडी खुर्ची होती. वाऱ्यानं उडू नये म्हणून ऑर्विलनं ती बोल्टनं जमिनीत आवळून टाकली होती. तिच्यावर टॉवेलची घडी टाकून लॉरेटा बसली आणि बूट काढू लागली.

“यंदा ऊन मेलं भलतंच आहे. अकरा वर्षं रोज घरी आले की इथंच टेकते, कधी चटका बसला नाही. आता टॉवेल लागतो. वय झालं, दुसरं काय.”

मारिसोलचं लक्ष नव्हतं. ती धुडाभोवती फिरत होती. मग उकिडवी बसली. “हे दगड कसले हो?”

मातीत बारा दगड अर्धगोलात पुरले होते. प्रत्येकावर ऑर्विलच्या वाकड्या अक्षरात एकेका महिन्याचं नाव. चाकं ‘फेब्रुवारी’पाशी थांबली होती.

“आता तर मे चालू आहे,” मारिसोल म्हणाली. “सरकवून बघूया?”

“बघ बाई. उद्या जायचंच आहे ते.”

असं म्हणाली खरी, पण अनवाणीच उठून तिनंही खांदा लावला. चाकं कुरकुरली, बॉनेटं खडखडली. मेच्या दगडापाशी दोघी थांबल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. धूड होतं तसंच होतं. ओबडधोबड.

“झालं समाधान?” म्हणत लॉरेटा बूट घ्यायला वळली, आणि जागीच थांबली.

सगळं अंगण उन्हानं पांढरं पडलं होतं. सावली फक्त खुर्चीवर होती. पाठीपासून पायांपर्यंत, बूट काढायच्या जागेपर्यंत. एका माणसापुरती.

मारिसोलनं घड्याळात पाहिलं. “साडेचार,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही रोज याच वेळेला येता ना?”

लॉरेटानं टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. खुर्चीत बसली.

“लिही, साडेचार,” मग ती म्हणाली. “पण एकेकानंच यायचं म्हणावं. खुर्ची एकच आहे.”