सहावा आकडा

"बोला," ती म्हणाली. "मी टाकतेय."

खाटेवरच्या नवऱ्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात चादरीवर नुसता पडून होता. डाव्या मुठीत मात्र ते इवलंसं यंत्र घट्ट होतं, किल्ल्यांच्या जुडग्यासकट. दुकानातून इथवर आणताना चपला गळून पडल्या, शर्टाची बटणं तुटली, पण ते काही सुटलं नाही.

"सा... सा..."

"सहा की सात?"

"सा...त."

तेवढ्यात यंत्राच्या काचेवरचे आकडे बदलले.

"गेला तो कोड," ती म्हणाली. "आता नवा सांगा. पहिल्यापासून."

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. मेंदूत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन पाचच्या आत गेलं पाहिजे. नंतर दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच. इंजेक्शन खाली औषधांच्या दुकानात होतं आणि पैसे आल्याशिवाय दुकानदार कपाट उघडायला तयार नव्हता. तिच्या मोबाइलवर रक्कम भरून झाली होती, दुकानाचा नंबर भरून झाला होता. फक्त यंत्रावरचे सहा आकडे बाकी होते. भिंतीवरच्या घड्याळात पाचला बारा मिनिटं कमी होती.

हे यंत्र त्यानेच बँकेकडून मागून घेतलेलं. त्याचं कुलपांचं आणि तिजोऱ्यांचं दुकान. माणसावर विश्वास ठेवणं त्याला गावंढळपणा वाटायचा. मोबाइलवर येणारा कोड चोर मधल्यामध्ये पळवतात, हे त्याने कुठेतरी ऐकलं आणि हे घेऊन आला. ना तार, ना नेटवर्क. आतल्या आत दर तीस सेकंदांनी नवे सहा आकडे तयार. "आता चोरून दाखवा म्हणावं!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. घरात नियम दोनच. यंत्राला कोणी हात लावायचा नाही आणि आकडे परक्याला दाखवायचे नाहीत. खात्यातला पैसा बहुतेक तिच्या शिलाईचा होता, पण तो विषय घरात कधी निघाला नाही.

ती हॉटेलांचे पडदे शिवायची. पन्नाशी उलटली तरी सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवायची. कापड घ्यायला गेली की पैसे देण्यासाठी तिथूनच नवऱ्याला फोन करावा लागे. मागे रांग खोळंबलेली. तो सावकाश सुरू करायचा. "चार... नऊ... थांब हं, गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक-बिऱ्हाईक कोणी नसायचं. फोनमधून पंख्याची करकर ऐकू यायची आणि त्याचं दाबलेलं हसू. तीस सेकंद सरायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याचं मन भरलं की सहाही आकडे मिळायचे. "जरा गंमत केली तर लगेच तोंड फुगवतेस," असं घरी वर ऐकवायचा.

मुलीच्या परीक्षेची फी भरायची होती तेव्हाही त्याने गंमतच केली. शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंतची मुदत. चार वेळा गिऱ्हाईक आलं. पाचव्या वेळी सगळे आकडे मिळाले, तेव्हा फी भरायची खिडकी बंद झाली होती. "एका वर्षाने काय आभाळ कोसळतंय?" तो म्हणाला. मुलगी त्या परीक्षेला पुन्हा बसली नाही. आता ती परक्या शहरात दुसऱ्यांची मुलं सांभाळते. बापाला फोन करत नाही.

पाचला सात मिनिटं उरली. नर्स आत आली आणि वैतागली.

"अहो ताई, तुम्हीच वाचा ना! डोळ्यांसमोर तर आहे."

"चष्मा घरी राहिला हो."

"मग आणा इकडे, मी वाचते."

"नको. परक्याला दाखवायचं नाही, असं ह्यांनी बजावून ठेवलंय." ती हे इतक्या अजिजीने म्हणाली की नर्सलाच ओशाळल्यासारखं झालं. पलीकडच्या खाटेवरून कोणी तरी हाक मारली. "लवकर करा," म्हणत ती तिकडे धावली.

नवरा बायकोकडे बघत राहिला. तिला चष्मा नव्हताच. कधी लागलाच नव्हता.

त्याने कशीबशी मूठ उघडली आणि यंत्र तिच्याकडे सरकवलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिने ते उचललं नाही. त्याची बोटं एकेक करून परत मिटवली, वरून हात फिरवला. "असू द्या तुमच्यापाशीच," ती म्हणाली. "तुमच्यासारखं कोणाला जमतंय?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायकोला त्याची कीव आली, नाही असं नाही. पण ती पोटातच राहिली, हातापर्यंत उतरली नाही.

पाचला दोन मिनिटं होती. काचेवर नवे आकडे आले आणि त्याने सगळा जीव जिभेवर गोळा केला.

"दो...न." तिने दोन टाकला. "आठ." आठ टाकला. "आठ." मानेवरची शीर ताठ झाली. "शू...न्य." कपाळावर घाम फुटला. "पाच."

पाच आकडे बसले होते. वेळ अजून गेलेली नव्हती. सहाव्यासाठी त्याने ओठ जुळवले.

तिने बोट मोबाइलवरून उचललं आणि दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"थांबा हं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय."