परत आणायची अट

“नाहीच जमलं, तर पिल्लू दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. माझ्याकडेच आणायचं, केव्हाही,” मी नेहमीसारखं बजावलं.

पाटणकरांच्या घरी जाऊन, अंगण, माणसं बघून मगच मी त्यांना माझ्या गोल्डन रिट्रीव्हरचं, केशरचं, हे शेवटचं पिल्लू द्यायचं ठरवलं होतं.

“आणतं का हो कुणी परत, काकू?” पिल्लू मांडीवर घेत पाटणकरबाईंनी गाडीतून विचारलं.

“छे! घर पारखल्याशिवाय मी देतच नाही. आजवर एकही परत आलेलं नाही,” मी तोऱ्यात म्हणाले.

गाडी गेली. केशर घरभर हुंगत फिरली आणि फाटकाशी जाऊन बसली. मी पिल्लांचा रिकामा खोका झाडला, त्यात धुतलेला टॉवेल अंथरला, उगाचच.

मग मीही तिच्याशेजारी बसले. रस्त्यावर गाडी वाजली की आम्ही दोघी मान वर करत होतो.