मूठभर नागली

तलासरीकडच्या पाड्यावर बायजी नागली पाखडत होती. मुंबईच्या भरवस्तीतल्या दवाखान्यात नर्स असलेली तिची लेक दक्षा सुट्टीला आली होती. मतदारयादीत तिचं नाव आता तिकडेच होतं, म्हणून बायजीने विचारलं, “तुमचा मतदारसंघ केवढा गं?” “या टोकापासून त्या टोकाला चालत पाऊण तास.” बायजीला नवल वाटलं. इथे पाडे फिरायला आठवडा पुरत नाही. “म्हणजे माणसं थोडीच असतील.” “आपल्याइतकीच आहेत, आई.” “मग मावतात कशी?” दक्षाने मूठभर नागली चटईवर पसरली, मूठभर काचेच्या पेल्यात ओतली. “अशी. एकावर एक.” बायजीने पेला उजेडात धरून पाहिला. “मग तुमचा आमदार सारखा दारात येत असेल.” “मी तर अजून बघितलाही नाही.” बायजीने पेला खाली ठेवला. “आमचा आमदार सांगतो, पाडा लांब पडतो म्हणून यायला जमत नाही. तुमच्याला काय लांब पडतं?”